'तरच', 'शिवाय' आणि 'च' : विधिशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेचा भाषिक विचार

१. विषयाची मर्यादा

विधिमहाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आज प्रवेशपरीक्षेला सामोरे जावे लागते. ह्या परीक्षांची चर्चा बहुधा गुण, जागा आणि शिकवणीवर्ग ह्यांच्या अनुषंगाने होते. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार भाषाशास्त्राच्या दृष्टीने करावयाचा आहे. परीक्षा ज्या वाक्यांतून विद्यार्थ्याची पारख करते, त्या वाक्यांची घडण कशी असते, मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी नेमका कोठे अडखळतो, आणि त्या अडखळण्यावर उपाय कोणता, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. उदाहरणासाठी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके डोळ्यांपुढे ठेवले आहेत.

हे तालुके निवडण्यास कारण आहे. मुंबई-पुणे लोहमार्गावरील कर्जत आणि तेथून फुटणाऱ्या फाट्यावरील खोपोली ह्या दोन्ही स्थानकांवरून मुंबईची महाविद्यालये गाडीच्या एका प्रवासाच्या अंतरावर आहेत. मुंबईचे शासकीय विधि महाविद्यालय १८५५ पासून आणि पुण्याचे आय. एल. एस. विधि महाविद्यालय १९२४ पासून चालू आहे; कर्जत ह्या दोहोंच्या मध्ये येते. तरीही डोंगरातील ठाकर आणि कातकरी वाड्यांवरील मुलांना हे अंतर केवळ कोसांत मोजता येत नाही. त्यांची घरची बोली एक, शाळेची प्रमाण मराठी दुसरी, आणि परीक्षेची इंग्रजी तिसरी. म्हणजे परीक्षेपर्यंत पोचताना त्यांना भाषेच्या दोन पायऱ्या चढाव्या लागतात.

ह्या भूमीला वकिलीची परंपराच नाही असे मात्र नव्हे. माथेरानात १९१२ मध्ये जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे नाभिक कुटुंबातून पुढे येऊन वकील झाले. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना हौतात्म्य आले. त्यांचे स्मरण क्रांतिकारक म्हणून होते, आणि ते योग्यच आहे. परंतु सामान्य घरातील मुलगा कायद्याची भाषा हस्तगत करतो तेव्हा त्याच्या समाजाला बोलणारा माणूस मिळतो, हाही त्यांच्या चरित्राचा एक अर्थ आहे.

२. परीक्षांचे स्वरूप

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यापुढे मुख्यतः दोन परीक्षा असतात. पहिली, राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत २०१६ पासून घेतली जाणारी विधि सामायिक प्रवेश परीक्षा. शासकीय विधि महाविद्यालयासारख्या संस्थांतील प्रवेश हिच्या आधारे होतात. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी २०२५ मध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न होते : विधिविषयक कल व तर्क ३२, सामान्य ज्ञान २४, तर्कशक्ती ३२, इंग्रजी २४ आणि मूलभूत गणित ८. चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा होत नाहीत, आणि इंग्रजीचा विभाग सोडल्यास प्रश्न मराठीतूनही उपलब्ध असतात.

दुसरी परीक्षा राष्ट्रीय विधि विद्यापीठांची. ती २००८ मध्ये सुरू झाली. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठांचे प्रवेश हिच्यावर अवलंबून असतात. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या परीक्षेपासून हिच्यातही दोन तासांत १२० प्रश्न असतात. मात्र ते दीर्घ उताऱ्यांवर आधारलेले असतात, प्रत्येक चुकीला पाव गुण वजा होतो, आणि भाषा केवळ इंग्रजी असते. ही परीक्षा इतर भारतीय भाषांतूनही घ्यावी अशी मागणी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आली होती. म्हणजे येथे उपस्थित केलेला प्रश्न निव्वळ अध्यापकीय नाही.

घरी बसून संगणकावर देण्याच्या दूरस्थ परीक्षेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेत १९४८ पासून चालत आलेल्या विधिप्रवेश परीक्षेच्या धर्तीवर भारतात २००९ पासून एक परीक्षा होत असे. तिच्यात विधिज्ञान मुळीच विचारले जात नसे. तर्क आणि वाचन एवढ्याचीच पारख होई. महामारीच्या काळात, २०२० मध्ये, ती घरून देण्याची सोय झाली, आणि २०२४ नंतर ती बंद पडली. त्याच २०२० साली बंगळूरच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाने ३ सप्टेंबरच्या अधिसूचनेने आपली स्वतंत्र घरबसली परीक्षा जाहीर केली आणि १२ सप्टेंबरला ती घेतली. ४५ मिनिटांत ४० प्रश्न असे तिचे स्वरूप होते. सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२० रोजी ती अधिसूचना रद्द ठरविली. घरून दिल्या जाणाऱ्या परीक्षेतील निष्पक्षपाताचा आणि साधने नसलेल्या उमेदवारांचा प्रश्न त्या निकालात विचारात घेतला गेला. पुढे २८ सप्टेंबरला सामायिक परीक्षा केंद्रांवर झाली. अमेरिकेतील मूळ परीक्षाही ऑगस्ट २०२६ पासून बहुतेक उमेदवारांसाठी पुन्हा केंद्रातच घेण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला.

ह्या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. परीक्षा घरी असो वा केंद्रात असो, मराठीत असो वा इंग्रजीत असो, तिचा गाभा एकच राहिला आहे : दिलेल्या विधानांवरून काय निष्पन्न होते आणि काय होत नाही हे ओळखणे. एका प्रश्नास सरासरी एक मिनिट मिळते. त्या एका मिनिटात निर्णय फिरवितात ते कठीण नामे अथवा विशेषणे नव्हेत, तर संबंध दाखविणारे लहानसहान शब्द. हेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

३. 'तर' आणि 'तरच'

पुढील दोन वाक्ये पाहावीत.

(क) थकबाकी भरली तर दाखला मिळेल.
(ख) थकबाकी भरली तरच दाखला मिळेल.

पहिल्या वाक्यात थकबाकी भरणे ही दाखला मिळण्यास पुरेशी अट आहे. दुसऱ्यात ती आवश्यक अट आहे. (क) वरून 'भरली, म्हणून मिळेल' असे अनुमान काढता येते. (ख) वरून ते काढता येत नाही. तेथे 'मिळाला, म्हणजे भरली असली पाहिजे' एवढेच हाती लागते. थकबाकी भरूनही अन्य एखाद्या कारणाने दाखला नाकारला जाऊ शकतो, आणि (ख) चा त्याला विरोध नाही.

व्यवहारात मात्र आपण हा भेद सर्रास पुसून टाकतो. 'अभ्यास केलास तर खाऊ मिळेल' असे आई म्हणते तेव्हा 'नाही केलास तर मिळणार नाही' हेही मूल गृहीत धरते, आणि आईलाही तेच अभिप्रेत असते. गाइस आणि झ्विकी ह्या भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये अशा अनुमानांना 'आमंत्रित अनुमान' ह्या अर्थाचे नाव दिले. वाक्य ते अनुमान सिद्ध करीत नाही, केवळ त्याला बोलावते. परीक्षेतील चुकीचे पर्याय पुष्कळदा नेमके अशा बोलावलेल्या अनुमानांवर रचलेले असतात. म्हणून ते चूक आहेत हे कळूनही बरोबर वाटत राहतात.

मराठी विद्यार्थ्याची अडचण येथे दुहेरी होते. इंग्रजीतील 'ओन्ली इफ' हा शब्दसमूह अटीच्या उपवाक्यास चिकटतो. मराठीतील 'च' मात्र फलवाक्याच्या आरंभी येणाऱ्या 'तर'ला चिकटतो. जो विद्यार्थी शब्दास शब्द ठेवून वाचतो, तो 'ओन्ली इफ' चे 'फक्त जर' असे करतो. 'फक्त जर' ही मराठी नव्हे, म्हणून त्यातून अर्थबोध होत नाही. मग 'फक्त' गळून पडते, 'जर' तेवढा उरतो आणि (ख) चे (क) होऊन जाते. ह्यावर उपाय सोपा आहे. 'ओन्ली इफ' दिसताच अटीचे उपवाक्य आधी वाचावे आणि त्यानंतर 'तरच' म्हणून उरलेले वाक्य जोडावे. विद्यार्थ्याच्या मातृभाषेत हा भेद एका अक्षराने आणि नि:संदिग्धपणे दाखविण्याची सोय आहे. ती वापरावयास त्याला कोणी शिकविलेले नसते, इतकेच.

४. 'च' चे स्थान, आणि 'सर्व', 'काही', 'नाही'

'च' हा मराठीतील मोठा अर्थवाहक निपात आहे. तो ज्या शब्दास लागतो त्यावर मर्यादेचा रोख येतो.

वकीलच कागद सादर करू शकतात. (इतर कोणी नाही.)
वकील कागदच सादर करू शकतात. (दुसरे काही नाही.)

इंग्रजीत ह्या ठिकाणी येणारा 'ओन्ली' वाक्यात पुष्कळदा क्रियापदाजवळ बसतो आणि त्याचा रोख कोणावर आहे हे बोलताना आघाताने कळते; छापील प्रश्नात तो आघात नसतो. अशा वेळी विद्यार्थ्याने स्वतःस विचारावे : मराठीत हा 'च' मी कोणत्या शब्दास लावीन? मात्र 'च' चे दुसरे कार्य विसरू नये. 'तो येणारच' ह्यात मर्यादा नसून निश्चय आहे. मराठी प्रश्नपत्रिकेत 'च' आढळला, तर तो मर्यादेचा की निश्चयाचा हे आधी ठरविणे अगत्याचे आहे.

नकार आणि 'सर्व' एकत्र आले की संदिग्धता उत्पन्न होते. 'सर्व अर्ज स्वीकारले गेले नाहीत' ह्या वाक्याचा अर्थ 'एकही स्वीकारला गेला नाही' असा आहे, की 'काही नाकारले गेले' असा? मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येत असल्याने त्याची व्याप्ती कोठवर आहे हे वाक्यावरून सांगता येत नाही. 'सर्वच अर्ज स्वीकारले गेले असे नाही' असे म्हटले की दुसरा अर्थ स्थिर होतो. 'एकही अर्ज' म्हटले की पहिला. अभ्यास करताना प्रत्येक 'सर्व… नाही' वाक्याची ही दोन रूपे लिहून पाहावीत, आणि उतारा त्यांपैकी कोणाला आधार देतो ते तपासावे.

'काही' ह्या शब्दाचेही तसेच आहे. 'काही पक्षकार हजर होते' असे ऐकताच 'काही गैरहजर होते' असे आपण समजतो. तर्कशास्त्रात 'काही' म्हणजे 'निदान एक'. सर्व हजर असले तरी ते विधान खरेच राहते. व्यवहारातील अर्थ खोटा नव्हे. श्रोता अशी समजूत का करून घेतो ह्याची उपपत्ती ग्राइस ह्या तत्त्वज्ञाने दिलेली आहे : बोलणारा आवश्यक तेवढी माहिती देत असणार असे आपण धरून चालतो, आणि म्हणून त्याने 'सर्व' म्हटले नाही ह्यालाही अर्थ देतो. परंतु 'निश्चितपणे निष्पन्न होणारे विधान कोणते' असे विचारले असता ही समजूत बाजूस ठेवावी लागते.

५. 'शिवाय' आणि 'जोपर्यंत'

इंग्रजीतील 'अनलेस' ह्या अव्ययास मराठीत एकशब्दी प्रतिरूप नाही. त्याचा आशय आपण 'भरल्याशिवाय मिळणार नाही', 'भरल्याखेरीज मिळणार नाही' किंवा 'जोपर्यंत भरली जात नाही तोपर्यंत मिळणार नाही' अशा रचनांनी व्यक्त करतो. शेवटच्या रचनेत दोन धोके आहेत. एक, इंग्रजी वाक्यात 'नाही' एकदा दिसते, मराठीत दोनदा; घाईत त्यांपैकी एक सुटते. दोन, 'जोपर्यंत' मुळे अटीच्या संबंधात काळाचा संबंध शिरतो आणि 'भरताच मिळेल' असा भास होतो. म्हणजे आवश्यक अट पुन्हा पुरेशी होऊन बसते. म्हणून 'अनलेस' चे मनातल्या मनात 'तरच' मध्ये रूपांतर करणे श्रेयस्कर : 'भरल्याशिवाय मिळणार नाही', म्हणजेच 'भरली तरच मिळेल'.

'शिवाय' ह्या शब्दाची कथा आणखी मनोरंजक आहे. पुढील तीन वाक्ये अर्जाच्या माहितीपत्रकात शोभतील अशी आहेत.

(ग) शुल्काशिवाय अर्ज स्वीकारला जाणार नाही.
(घ) शुल्काशिवाय उत्पन्नाचा दाखलाही द्यावा लागेल.
(च) शुल्काशिवाय अन्य रक्कम घेतली जाणार नाही.

(ग) मध्ये 'शिवाय' म्हणजे 'वाचून'. (घ) मध्ये 'आणखी'. (च) मध्ये 'सोडून'. शेवट नकारार्थी आहे एवढ्यावरून निर्णय होत नाही, कारण (ग) आणि (च) ह्या दोन्हींचे शेवट नकारार्थीच आहेत. अर्थ ठरवितात ते सोबतचे शब्द : 'ही' असल्यास भर, 'अन्य' असल्यास वगळणूक, आणि दोन्ही नसून नकार असल्यास अभाव. शब्दाचा अर्थ शब्दकोशातून नव्हे, शेजारच्या शब्दावरून कळतो, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

६. नियमवाक्याची मराठी

विधितर्काच्या प्रश्नात एक नियम आणि एक प्रसंग दिलेला असतो. नियमाची मराठी ही बोलण्याची मराठी नव्हे. 'न्यायालय नोटीस देईल' हे वाक्य सामान्य वाचकाला भविष्याचे वाटते. कायद्याच्या मराठीत 'देईल' हे कर्तव्य असते, आणि 'देऊ शकेल' अथवा 'देता येईल' हा अधिकार असतो. पहिल्यात न्यायालयास विकल्प नाही, दुसऱ्यात आहे. त्याचप्रमाणे 'परंतु' हा शब्द बोलण्यात केवळ विरोध दाखवितो. कायद्यात तो मूळ नियमाला अपवाद जोडतो, आणि 'परंतु' नंतरचा मजकूर न वाचता दिलेले उत्तर बहुधा चुकते.

ही मराठी कोठे वाचावयास मिळते? 'भारताचे संविधान' ह्या मराठी ग्रंथात, राज्याच्या अधिनियमांच्या मराठी पाठांत, आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या न्यायव्यवहार कोशात. संविधानाचा एक अनुच्छेद मराठीत आणि तोच इंग्रजीत शेजारी शेजारी ठेवून वाचणे, हा दोन्ही भाषांतील नियमवाक्याची ओळख करून घेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होय. येथे एक व्यावहारिक सूचना करणे आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता अमलात आली आहे. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांतील कलमांचे क्रमांक पाठ करणे म्हणून व्यर्थ आहे. त्यांतील तर्काचे प्रश्न मात्र आजही उपयोगी पडतात.

७. एक नमुना

वरील सर्व गोष्टी एकत्र कशा येतात हे दाखविण्यासाठी पुढील प्रश्न रचला आहे. नियम आणि प्रसंग दोन्ही काल्पनिक आहेत.

'पाणीपट्टीची थकबाकी नसेल तरच रहिवाशास ना-हरकत दाखला देण्यात येईल. परंतु नैसर्गिक आपत्तीत घर गमावलेल्या रहिवाशास थकबाकीची अट लागू असणार नाही.' गणपतला दाखला मिळाला. पुढीलपैकी कोणते विधान निश्चितपणे निष्पन्न होते?

(१) गणपतची थकबाकी नव्हती.
(२) गणपतचे घर आपत्तीत गेले होते.
(३) गणपतची थकबाकी असल्यास त्याचे घर आपत्तीत गेलेले असले पाहिजे.
(४) थकबाकी नसलेल्या प्रत्येक रहिवाशास दाखला मिळतो.

पहिले विधान 'परंतु' विसरणाऱ्यासाठी आहे. दुसरे, अपवाद हाच नियम समजणाऱ्यासाठी. चौथ्यात 'तरच' चे 'तर' झाले आहे. तिसरे विधान दिसावयास आडवळणाचे, पण तेवढेच सिद्ध होते : दाखला मिळण्याचे दोनच मार्ग आहेत, आणि एक बंद असल्यास दुसरा उघडा असलाच पाहिजे. येथे एकही शब्द कठीण नाही. सातवीतील मुलालाही प्रत्येक शब्दाचा अर्थ येईल. तरीही पर्याय चुकतो, तो शब्दसंग्रहाच्या उणिवेने नव्हे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ज्या मुलांनी ती वार्ता आपल्याच डोंगराची म्हणून ऐकली, त्यांना 'परंतु नैसर्गिक आपत्तीत' हे शब्द निव्वळ व्याकरणाचे वाटणार नाहीत. नियमातील अपवाद कोणासाठी असतो, हे त्यांना पुस्तकाआधी ठाऊक आहे.

८. तयारीचा क्रम

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून तयारीचा एक क्रम सुचविता येईल. पहिल्या टप्प्यात, सुमारे तीन आठवडे, घड्याळ बाजूस ठेवावे. रोज एक उतारा घ्यावा. त्यातील संबंधदर्शक शब्दांखाली रेघ मारावी आणि प्रत्येक अटीच्या वाक्याचे 'तर', 'तरच' आणि 'शिवाय… नाही' ह्या तीन साच्यांपैकी जुळणाऱ्या साच्यात रूपांतर करावे. दुसऱ्या टप्प्यात चुकांची वही ठेवावी. तीत बरोबर उत्तर लिहून भागत नाही; आपण निवडलेला पर्याय कोणत्या शब्दामुळे मोहक वाटला, तो शब्द लिहावा. पंधरा दिवसांत दिसून येईल की तेच चारपाच शब्द पुन्हा पुन्हा येत आहेत. तिसऱ्या टप्प्यात घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवाव्यात.

राज्याच्या परीक्षेत गुण वजा होत नसल्याने एकही प्रश्न कोरा ठेवू नये. राष्ट्रीय परीक्षेत मात्र दोन पर्याय निश्चितपणे बाद करता आले तरच अंदाज करावा. (ह्या वाक्यातील 'तरच' जाणूनबुजून योजिला आहे.) मराठी पाठ निवडणाऱ्या विद्यार्थ्याने इंग्रजी पाठही वाचण्याची सवय ठेवावी, एका भाषेत संदिग्ध राहिलेला शब्द दुसरीत पुष्कळदा स्पष्ट होतो. इंग्रजीचा विभाग तर टळत नाहीच. त्यासाठी अवघड शब्दांच्या याद्यांपेक्षा रोजचा एक अग्रलेख वाचून त्याचा युक्तिवाद मराठीत तीन वाक्यांत लिहिणे अधिक फलदायी ठरते.

९. अर्ज : नावांचा प्रश्न

परीक्षेइतकाच अर्जही भाषेचा व्यवहार आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार बारावीस सर्वसाधारण प्रवर्गात ४५, इतर मागासवर्गात ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण आवश्यक असतात. परीक्षेची नोंदणी आणि तीनंतरची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया हे दोन वेगळे टप्पे आहेत. पहिला पूर्ण केला म्हणजे दुसरा आपोआप होतो, ही समजूतही एक 'आमंत्रित अनुमान'च आहे.

कागदपत्रांत सर्वाधिक वेळ घेणारी गोष्ट जात प्रमाणपत्र आणि त्याची वैधता ही होय. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके कर्जत उपविभागात येतात. प्रमाणपत्र उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळते, पण वैधतेची पडताळणी स्वतंत्र समिती करते. म्हणून हे काम बारावीच्या निकालाची वाट न पाहता अकरावीतच सुरू करावे.

येथे नावांचा प्रश्न उभा राहतो. अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकूर, ठाकर, का ठाकूर, मा ठाकूर अशी रूपे एकत्र आहेत. काथोडी आणि कातकरी हीही एकाच नोंदीत आहेत. घरी 'ठाकर' म्हणणाऱ्या कुटुंबाच्या शाळेच्या दाखल्यावर 'ठाकूर' असते, आणि आजोबांच्या कागदावर तिसरेच रूप असते. भाषाशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही एकाच नामाची रूपांतरे होत. कार्यालयाच्या दृष्टीने ती वेगवेगळी नावे ठरू शकतात. रोमन लिपीत तर ऱ्हस्व-दीर्घ स्वर, 'व', 'श' आणि 'ष' ह्यांसाठी प्रत्येक कारकुनाची लेखनपद्धती निराळी असते. विद्यार्थ्याने आपल्या सर्व कागदांवरील नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये एका कागदावर उतरून काढावे, फरक कोठे आहे ते पाहावे, आणि अर्ज भरण्यापूर्वी दुरुस्ती करून घ्यावी. शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून हे काम सुरू करणे इष्ट, कारण पुढचे बहुतेक कागद त्याच्यावरून तयार होतात.

१०. उपसंहार

१९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरलेली आहे. कर्जत अथवा खालापूर येथील न्यायालयात जो पक्षकार उभा राहतो, तो मराठीत, किंबहुना आपल्या बोलीत, हकिगत सांगतो. ती हकिगत कायद्याच्या वाक्यात मांडणारा वकील दोन्ही भाषांच्या अटी, अपवाद आणि नकार जाणणारा असावा लागतो. असा वकील त्याच मातीतून यावयाचा असेल, तर प्रवेशपरीक्षेच्या एका मिनिटात तो 'तर' आणि 'तरच' ह्यांत अडकून मागे पडता कामा नये.

हे काम शिकवणीवर्गांवर सोपवून भाषाविभागांनी स्वस्थ बसणे योग्य नव्हे. निपातांची व्याप्ती, नकाराचे स्थान आणि अटीची वाक्ये हे आपल्या विषयाचे नित्याचे प्रकरण आहे. ते आपण पदव्युत्तर वर्गात शिकवितो आणि तेथेच ठेवतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मागील प्रश्नपत्रिकांतील मराठी आणि इंग्रजी पाठ ताडून पाहून संदिग्ध रचनांची एक वर्गवारी तयार केली, तर तो लघुप्रबंधाचा उत्तम विषय होईल. आणि ती वर्गवारी कर्जत-खालापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बारा पानांच्या पुस्तिकेच्या रूपाने पोचली, तर त्या अभ्यासाचा उपयोगही होईल. ह्या दोन्ही वाक्यांत 'तर' आहे, 'तरच' नाही. ह्या मुलांना अन्य मार्गांनीही साहाय्य होऊ शकेल. आपल्या हातातील मार्ग हा आहे.